मामाच्या ट्रकचा एअर फिल्टर

उद्या पहाटे पाचला माझा धाकटा मुलगा तीच गाडी घेऊन खाणीच्या चढावर जाईल, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

ट्रक माझ्या दादाचा, म्हणजे त्याच्या मामाचा. इंजिन झिजून ऑइल पिणारं, आणि खाणीत धूळ पिठासारखी. मागच्या महिन्यात मिस्त्रीने जुन्या कागदी फिल्टरच्या आत बल्ब धरून दाखवला. घड्यांमधून उजेडाचे ठिपके दिसत होते.

"रोज हवा मारून चाळण केलीत याची. उजेड येतो तिथून धूळही जाणार. कंपनीचा कागदीच घ्या."

दादाने आणला जाळीचा, धुवून वापरायचा. "म्हाताऱ्याला मोकळा श्वास हवा."

"मालक, म्हाताऱ्याला धूळ चारू नये."

"तू तुझे पाने-पकड फिरव."

धाकट्याने तोच बसवून घेतला. शाळेत दुसऱ्याने फोडलेल्या काचेसाठी हा ओणवा उभा राहायचा. आता सव्वीस वर्षांचा आहे, मामासमोर मान अजून खालीच. घरी येऊन म्हणाला, "आई, जुनी सुती चादर आहे का गं?" ती जाळीवर गुंडाळली की मामाचा शब्दही राहील आणि धूळही अडेल. मी फाडून दिली. वर कौतुकही केलं, शिकली-सवरलेली बाई मी.

परवा इंजिनाच्या तेलकट वाफेने आणि धुळीने त्या चादरीचा चिखल झाला. भरलेला ट्रक ऐन चढावर गुदमरून बंद पडला, ब्रेक धरेपर्यंत मागे घसरला. मागे दुसरी गाडी उभी होती, तिच्या वीतभर अलीकडे थांबला. हे मला त्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं.

धाकटा म्हणतो, "काही नाही गं. चादर जाड होती. पातळ बघ एखादी."

"मामा काय म्हणाला?"

"गियर चुकला असेल, म्हणाला."

ज्याच्या जिवावर बेतलं, त्याचाच गियर चुकला. स्वतःच्या मोटारीचा फिल्टर मात्र दादा दरवर्षी बदलतो, कंपनीचा, कागदी.

चादर मिळणार नाही. ट्रकची किल्ली मी पिठाच्या डब्यात तळाशी घातली आहे. नवा कागदी फिल्टर बसेपर्यंत ती तिथेच राहील, आणि हे दादाला मीच सांगणार. त्याला उलटून बोलायची सवय मलाही नाही. पोराने हे माझ्याकडूनच उचललं. दादा झोपला असेल. उठेल. फोन लावते.