चौकीपुढचं गाऱ्हाणं

शिरवंड्यात कुणाची गाय चुकली, कुणाच्या मुलाला मुंबईत नोकरी लागेना, की माणूस आधी केरूकाका धनावड्यांच्या ओट्यावर येतो. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घरात आहे. देवळाच्या पायरीवर नारळ घेऊन उभं राहायचं आणि ज्याचं दुःख असेल त्याच्या वतीनं देवाला खडसावून विचारायचं, की बाबा, तू इथला राखणदार, तुझ्या देखत असं झालंच कसं? मागे उभी असलेली माणसं ‘व्हय महाराजा’ म्हणतात आणि हलक्या मनानं घरी जातात. एरवी केरूकाका अगदी मऊ माणूस. घरात भाजीत मीठ जास्त पडलं तरी बोलायचे नाहीत. चढा आवाज त्यांनी देवापुरता राखून ठेवला होता.

मग शिरवंड्याचा किनारा कुणीतरी मोबाइलवर दाखवला आणि रत्नागिरीहून गाड्यांची रीघ लागली. पाहुण्यांचं गावाला वावडं नाही. केरूकाकांची सून दीपाली स्वतः घरात खानावळ चालवते, तिचे घावणे खाऊन लोक पुढच्या वर्षी परत येतात. पण काही पाहुणे असे, की गाडी उभी करायला अख्खी मोकळी जागा असताना त्यांना ती वाळूतच घालायची असते. समुद्र मागे सरला, की सुरूच्या बनातून मोठ्या गाड्या खाली उतरायच्या, काचा उघड्या, आत बाटल्या, आणि ओल्या वाळूत गरागरा फिरायच्या.

आता ओहोटी ही शिरवंड्याच्या बायकांची कामाची वेळ. खाडीच्या तोंडाशी कोयतीनं वाळू उकरून त्या मुळे काढतात, म्हणजे शिंपल्यातली मासळी. बाई वाकलेली, नजर वाळूत, कानात समुद्राची गाज. मागून येणारी गाडी तिला दिसायची कशी आणि ऐकू तरी यायची कशी?

पूर्वी ह्यावर गावाचा साधा उपाय होता. पोरांनी पाळ्या लावल्या होत्या. वाळूत उतरायच्या वाटेवर बांबू आडवा आणि बांबूपाशी दोघे जण. मग सरकारनं किनाऱ्यावर पोलीस चौकी बांधली. उद्घाटनाला आलेले साहेब म्हणाले, आता आम्ही आहोत, बांबू काढा, कायदा हातात घेऊ नका. गावाला ते पटलं. केरूकाकांनी तिथंच नारळ धरून देवाला सांगून टाकलं, की महाराजा, आजपासून किनाऱ्याची राखण ह्यांच्याकडे दिली. सगळे ‘व्हय महाराजा’ म्हणाले. गाऱ्हाण्यात दिलेला शब्द शिरवंडे मोडत नाही. पोरांनी बांबू काढला तो पुन्हा लावला नाही.

चौकी थोडे दिवस उघडी राहिली आणि मग तिला कुलूप लागलं. फोन केला की उत्तर ठरलेलं असायचं. माणसं कमी आहेत, बंदोबस्तात आहेत, बघतो. माणसं कमी होती हे खोटं नव्हतं. तेवढ्याच शिपायांच्या डोक्यावर अख्खा तालुका टाकला तर ते तरी कुठे कुठे पुरणार? पण एखादा मंत्री ह्या रस्त्यानं जायचा असला, की दर वळणावर एक खाकी उगवायची. तेव्हा कमी पडत नव्हती ती.

गेल्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी असाच एक गाडीवाला मजेत गाडी मागे घेत सुटला आणि मुळे काढत बसलेल्या गंगाकाकूंच्या पायावरून चाक गेलं. गंगाकाकू म्हणजे केरूकाकांची बायको. गाडीतली माणसं खाली उतरली, त्यांनी पाहिलं, आपसात काहीतरी बोलली आणि परत गाडीत बसून निघून गेली. पोलिसांना फोन गेला, जीप आली नाही. सासूला दवाखान्यात पोचवून दीपाली ठाण्यात गेली, तर तिलाच विचारलं गेलं, “पण काकू वाळूत बसल्या होत्या कशाला? किनारा पर्यटनासाठी आहे ना?”

दीपालीनं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ह्या वाळूत केरूकाकांची आई बसली होती, आजी बसली होती. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतल्या खोलीत गंगाकाकू पाय प्लास्टरमध्ये घालून पडल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, “आता देवाला सांगू नका. त्यानं काय चौकीला कुलूप लावलेलं नाय.”

पुढच्या रविवारी ओहोटीच्या सुमाराला केरूकाका नारळ घेऊन निघाले. काय ते गावाला कळलं आणि गाव मागे चालू लागलं. केरूकाका देवळावरून पुढे गेले आणि चौकीच्या बंद दारासमोर उभे राहिले.

“बा चौकी महाराजा,” त्यांनी आवाज लावला, “तुज्यावर पाटी हाय, आत खुर्ची हाय, पंखा हाय. नाय तो मानूस. ह्या गावानं तुला किनाऱ्याची राखन दिली. माज्याच तोंडानं दिली. माजी बायको वाळूत मोडून पडली, तवा तू कुलूप लावून बसला व्हतास. तुजा जो कोन धनी आसंल, रत्नागिरीत आसंल, मुंबईत आसंल, त्याला जागा कर. त्याची मानसं हितं आनून बसव. मंत्र्यापुरती नको. रोज ओहोटीला बसव.”

“व्हय महाराजा,” गाव म्हणालं.

नारळ पायरीवर फुटला. कुणीतरी मोबाइलवर सगळं घेतलं आणि तिथल्या तिथं पाठवून दिलं. खोबऱ्याचे तुकडे वाटून होतायत तोवर जीप हजर. मोडलेल्या पायासाठी जिला वाट सापडली नाही, ती जीप नारळासाठी धावत आली.

जीपमधून विनीत नावाचा तरुण हवालदार उतरला. “काका, जमाव कुणाच्या परवानगीनं जमवलात? तुमच्यावर नोटीस काढायला सांगितलंय.”

“काडा की,” केरूकाका म्हणाले. “चौकी उगडा, आत बसून बोलू.”

हवालदार कुलपाकडे बघत राहिला. “चावी ठाण्यात आहे,” तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात सुरूच्या बनातून एक मोठी गाडी आली. गाणी जोरात चालली होती. पुढची चाकं वाळूला लागली आणि गाडी थांबली. जीप दिसली होती. गाणं बंद झालं, गाडी मुकाट्यानं मागे गेली आणि रस्त्याला लागली. तिच्यामागून आलेली दुसरी तर वाळूत उतरलीच नाही. कुणी शिटी वाजवली नव्हती, कुणी काठी उगारली नव्हती. जीप नुसती उभी होती.

दीपालीनं कंबरेला पदर खोचला आणि टोपली उचलली. सासूचा पाय मोडला त्या रविवारनंतर पहिल्यांदाच ती वाळूत उतरली. तिच्यामागे शेजारची विमला, मग बाकीच्या बायका. हवालदारानंही ते सगळं पाहिलं. एवढंच करायचं होतं, आणि एवढ्यासाठी एका बाईचा पाय मोडावा लागला, ह्या विचारानं केरूकाकांचे डोळे भरून आले.

“सायेब, नोटीस आज देताव?”

“आज नाही. कागद तयार व्हायला उद्या उजाडेल.”

“मंग उद्या द्या,” केरूकाका म्हणाले. “उद्या ओहोटी आजच्यापेक्षा जरा उशिरा लागंल, तवाच या. मी नारळ घेऊन हितंच उबा आसन. परवा पन फोडीन. जीप तेवडी घेऊन येत जा.”