डावा रकाना, उजवा रकाना

आमच्या ओट्यावरचे किस्से कुणी गोळा केले नाहीत, ते आपोआप साचले. खलबत्त्याच्या तळाशी चूर्ण साचतं तसे. कितीही झटका, बोटाला लागतातच.

हिंगोलीत आमच्या घराला एकच लांब ओटा होता. डाव्या टोकाला मामा बसायचे, आईचे भाऊ, ज्योतिषी. उजव्या टोकाला अण्णा, माझे वडील, वैद्य. दोघांचं एका शब्दावर पटायचं नाही, पण गिऱ्हाईक एकच. म्हणून दोघांनी मिळून एक वही केली होती. मधल्या रकान्यात माणसाचं नाव. डाव्या रकान्यात मामांकडची रास. उजव्या रकान्यात अण्णांकडची प्रकृती, वात, पित्त नाहीतर कफ. झाला माणूस तयार! सून करायच्या आधी कुरुंद्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंतचे लोक येऊन विचारायचे, "वहीत काय आहे?"

वहीत फक्त एकाची रास कोरी होती. अण्णांची! सगळ्यात शेवटचं नाव, आणि डावा रकाना रिकामा. अण्णांना त्याचा केवढा गर्व. "आम्हाला ग्रह लागतच नाहीत!"

मामा म्हणायचे, "दाजींचं सगळंच कोरं."

*

मी होतो मेष-पित्त. आगीवर आग.

दुष्काळात तांबडा मिलो, ती अमेरिकेची ज्वारी, खायचे दिवस नुकतेच संपले होते. परभणीचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून मी ट्रंक घेऊन घरी आलो. मामांनी वही उघडली. "मेष. एका जागी टिकायचाच नाही."

अण्णा म्हणाले, "पित्त उसळलंय. उन्हाळा सरला की जाईल परत."

उन्हाळा सरला. मी गेलो नाही. कॉलेजात सगळं इंग्रजीतून शिकवायचे, मला ओ की ठो कळायचं नाही, आणि तसं सांगायची लाज वाटायची. कारण एवढंच होतं. पण मला विचारायची दोघांना गरजच वाटली नाही. वहीत होतं ना!

*

पुसेगावचे हेडमास्तर कर्क-पित्त. कर्क पाण्याची रास आणि पित्त म्हणजे आग. ते एकदा सकाळीच पोट धरून आले, ओट्यावर आडवे झाले आणि दोघांची जुंपली. एकाच माणसात पाणी आणि आग राहतात कशी?

मामा म्हणाले, "पाणी आग विझवतं. म्हणून माणूस मवाळ."

अण्णा म्हणाले, "आग पाणी उकळवते. म्हणून तापट."

तासभर चाललं. शेवटी हेडमास्तर ओरडले, "अहो, जीव चालला माझा!"

"बघा, चिडले," अण्णा म्हणाले. "पित्त!"

हेडमास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बघा, रडले," मामा म्हणाले. "कर्क!"

संध्याकाळी त्यांना बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. मूतखडा होता.

*

त्याच दवाखान्यात माझा मित्र यशवंत ड्रेसर होता, मलमपट्टी करायचा. आजानं बुद्धाचा धम्म घेतला त्या दिवसापासून त्यांच्या घरात पत्रिका बंद. मामांना हे पचायचं नाही. यशवंत ओट्यावर आला की ते अस्वस्थ व्हायचे. समोर माणूस बसलाय आणि वहीत त्याचं नावच घालता येत नाही!

"जन्मवेळ तरी सांग," मामा म्हणाले.

"मायला इचारलं. ती म्हन्ती, ज्वारी काढून राहिलो होतो तवा."

"अरे, मग तुझा स्वभाव कळायचा कसा?"

"बोलून बघा ना मामा माझ्याशी," यशवंत म्हणाला. "हा काय, समोरच बसलोय की!"

मामांनी पंचांग मिटलं आणि पाणी प्यायला आत गेले.

*

आता माझ्या बहिणीचं सांगतो. वच्छी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. वहीत कन्या-वात. कन्या म्हणजे काळजी करणारी आणि वात म्हणजे घाबरट. दोन्ही रकाने तिच्या विरुद्ध! तिनं तोंड उघडलं की एकजण म्हणायचा, "रास बोलतेय," आणि दुसरा म्हणायचा, "वात बोलतोय." वच्छी कधी बोलली, ते त्या घरात कुणी ऐकलंच नाही.

आणि ही घाबरट पोरगी करायची काय? बायांना परक्या पुरुषाच्या हातात हात द्यायचा संकोच, म्हणून त्यांची नाडी तीच बघायची. बायांची डाव्या हाताची, बाप्यांची उजव्या हाताची, हे अण्णांचं बघून बघून शिकलेली. एकदा एका गड्याच्या पायावर कुऱ्हाड बसली. सगळा ओटा लाल. अण्णा हळद शोधायला आत गेले, ते रक्त थांबल्यावरच बाहेर आले. तोवर वच्छीनं स्वतःच्या परकराची पट्टी फाडून पाय बांधला होता.

अण्णांनी हळद तशीच हातात धरली होती. म्हणाले, "वच्छे, घाबरली असशील. जा, गूळपाणी पी."

*

यशवंतनं तिला नांदेडच्या नर्सिंग ट्रेनिंगचा फॉर्म आणून दिला. त्याची बहीण तिथंच शिकलेली. वच्छीनं मार्क लिहून अर्ज पाठवला आणि नाव लागलं! सोमवारी दुपारपर्यंत हजर व्हायचं, सोबत वडिलांच्या सहीचं संमतिपत्र आणायचं. सही नाही तर जागा दुसरीला.

पत्र आलं बुधवारी. त्याच दिवशी कनेरगाव नाक्याहून स्थळाचा निरोप आला. मंगळवारी बघायला येतो, पत्रिका काढून ठेवा.

अण्णा पत्र वाचून म्हणाले, "वाताचं माणूस. रक्त बघितलं की पडेल."

मामा म्हणाले, "कन्या रास. घर सुटलं की झुरेल."

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं होतं! हे दोघं भांडायचे तोवर मधे फट असायची आणि आम्ही पोरं त्या फटीतून निसटायचो. आता फटच बुजली.

गुरुवारी वच्छीनं पत्र घडी करून पदराच्या टोकाला बांधलं. शुक्रवारपर्यंत गाठ सोडून-बांधून कागदाची घडी विरायला आली. मी आरडाओरडा केला. आणि माझं ऐकणार कोण? मेष-पित्त!

*

शनिवारी मामांनी मला बसवलं. "अक्षर चांगलं आहे तुझं. वच्छीच्या पत्रिकेची नक्कल कर, पाव्हण्यांना द्यायला."

पत्रिका पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेल्या असत. नळी वर्षानुवर्षं कुणी उघडायचं नाही. वही असताना नळी कशाला उघडायची? मी वच्छीची पत्रिका काढली, सरळ केली आणि बघतच राहिलो.

रास मेष.

मी माझी काढली. कर्क!

मग मला आठवलं. मी नववीत असताना जुन्या वहीला वाळवी लागली होती. नवी वही मीच उतरवली होती. आधी सगळी नावं लिहिली, मग डावा रकाना वरून खाली. उजवा रकाना अण्णांनी स्वतःच्या हातानं भरला. डाव्यात मी एक रास गाळली होती, एकच! तिथून खाली प्रत्येकाला त्याच्या खालच्याची रास लागली होती. जुनी वही तर जाळून टाकलेली.

वहीत क्रम असा होता. हेडमास्तर, मी, वच्छी, अण्णा. म्हणजे हेडमास्तरांचं रडणं माझ्या राशीचं होतं. मी इतकी वर्षं वच्छीची आग मिरवत होतो. आणि वच्छीच्या नावापुढची कन्या?

मी शेवटची पत्रिका काढली. अण्णांची. रास कन्या.

त्याच पानावरच्या दोन नावांचं कुरुंद्यात लग्न लागलं होतं. "छत्तीसच्या छत्तीस गुण," असं मामा अजून सांगत फिरत होते. जोडपं मजेत होतं, हे आणखी वाईट! हे सांगितलं तर मामांच्या टोकाला उद्यापासून कुत्रं फिरकणार नाही. न सांगितलं तर वच्छी माझ्या एका चुकीपायी नाक्यावर जाणार. मी तिन्ही पत्रिका घाईनं नळीत कोंबल्या.

अण्णांनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय होतंय?"

"पोट दुखून राहिलं."

"पित्त," अण्णा म्हणाले आणि बरणी उघडली.

*

रविवारी विहिरीवर मी वच्छीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, नाचेल. तिनं कळशी खाली ठेवली.

"म्हणजे मी मेष?"

"हो. आता जाऊन मामांना दाखव पत्रिका!"

"आणि म्हणू काय? माझी रास धीट आहे, म्हणून मला जाऊ द्या?" ती चिडली. "उद्या तिसरीच रास निघेल, मग काय करू? काहून सांगितलंस मला हे?"

ती कळशी उचलून दोन पावलं गेली, मग वळली.

"दादा, अण्णांची कुठली म्हणालास?"

"कन्या."

"आणि उजव्या रकान्यात काय आहे त्यांच्या?"

"वात."

"कन्या-वात," ती स्वतःशीच म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

*

सोमवारी नांदेडची एस.टी. नवाला होती. आठ वाजता वच्छी ट्रंक घेऊन ओट्यावर आली आणि अण्णांपुढं संमतिपत्र ठेवलं. यशवंत सायकल धरून खाली उभा होता. आई दाराआड.

मामांनी वहीवर हात ठेवला. "पोरी, कन्या-वात. बसमध्येच चक्कर येईल तुला."

अण्णा म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी सांगतो. परकं गाव. होस्टेलचं पाणी बाधलं तर? मोठ्या सिस्टर ओरडल्या तर? आजारी पडलीस तर आम्हाला कळवणार कोण? वाटेत नदी लागते, बस बंद पडली तर? तिथं रक्त असतं वच्छे, दिवसभर रक्त..."

वच्छी खाली बसली. तिनं अण्णांचा उजवा हात धरला, तीन बोटं मनगटावर ठेवली आणि डोळे मिटले. अगदी अण्णांसारखी. अण्णा बोलायचे थांबले.

यशवंतनं सायकलची घंटी मुठीत दाबून धरली.

"मामा," वच्छी डोळे न उघडता म्हणाली, "अण्णांची रास कोरी नाही. नळी उघडून बघा."

मामांनी नळीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. हात वहीवरच राहिला.

"नाडी किती जोरात पळून राहिली," वच्छी हळूच म्हणाली. "घाबरू नका, अण्णा. पोचल्या पोचल्या कार्ड टाकते."

ते संमतिपत्र नांदेडच्या हापिसातून दोनदा परत आलं असतं. सही वैद्यांची वाटतच नव्हती. वाकडी, थरथरती, पहिलीतल्या पोरासारखी. यशवंतनं साक्षीदार म्हणून खाली नाव लिहिलं, म्हणून चाललं.

अण्णांनी ती डाव्या हातानं केली होती. उजवा त्यांनी सोडवून घेतला नाही.