नवरीच्या बापाच्या हातात उष्टं ताट

अकोल्याच्या एका लग्नात मी माझं उष्टं ताट नवरीच्या बापाच्या हातात दिलं. मी अमरावतीहून आलेल्या मुलाकडच्या मंडळीतला, त्यामुळे ओळख नव्हती. कार्यालयामागच्या नळावर बाह्या सारून ते एकटेच ताटं घासत होते. मला वाटलं, केटरिंगवाले असतील. त्यांनी माझंही ताट मुकाट्याने घासलं.

तेवढ्यात मांडवातून हाक आली, "नवरीचे बाबा कुठं गेले? पाठवणी थांबली नं!" हाक ऐकून यांनी मान खाली घातली, पण हे जागचे हलेनात. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

"अहो, जा नं! पोरगी रडून राहिली," मी म्हणालो.

नळ बंद केला तरी ते ओले हात चोळतच राहिले. "लहानपणी बाप मले होस्टेलवर सोडे अन् मागं न पाहता चालला जाये. मी फाटकापाशी रडो. मंग रडणंच सोडलं. आता पोरीले निरोप कसा द्याचा, तेच समजत नाही. होस्टेलवर ताट घासाले तेवढं शिकलो, म्हणून घासून राहिलो."

"घरच्या माणसांत रडाले कायची लाज?" मी शहाणपणा केला.

ते उठले, मांडवाकडे निघाले. मग थांबले, मागे वळले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले,

"तुमी तं घरीच वाढले नं? मंग सोताचं ताट घासाले काहून नाही शिकले?"