छत्रीचा नियम आणि शकूचे दोन गुण

शेंबेकर सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लेख मागताना गौरव समितीच्या चिटणीसांनी मला बजावले, "बाई, गोड लिहा हं." सरांविषयी गोडच लिहीन. बाकीच्यांची हमी देत नाही. कापायचा असेल तर लेख अख्खा कापा.

स्वातंत्र्य मिळाले त्याच्या पुढच्या जूनमध्ये मी डोंबिवलीच्या आमच्या शाळेत शिकवायला लागले. पहिल्याच शनिवारी शेजारच्या वर्गात डोकावले, तर धोतर-कोटातले एक गृहस्थ फळ्यावर छत्री काढत होते. मला वाटले, चित्रकलेचे मास्तर असावेत. तेवढ्यात त्यांनी छत्रीच्या डावीकडे तीन आणि उजवीकडे पाच लिहिले. "आजची छत्री म्हणजे डावीकडच्याची दुप्पट करा आणि उजवीकडचा त्यात मिळवा. अरे, घाबरता काय? छत्री कधी पाहिली नाहीत? नियम वाचा आणि तेवढाच पाळा!"

"अकरा!" वर्ग ओरडला. सरांनी आकड्यांची अदलाबदल केली. "तेरा!"

"म्हणजे बाजू बदलली की उत्तर बदललं. हे विसरायचं नाही."

दर शनिवारी नवे चिन्ह असे, कधी चिमणी, कधी घागर. बीजगणिताच्या नावाने थरथरणारी मुले शनिवारची वाट पाहू लागली.

या मुलांत शकू होती. अकरावीतली, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गातली, अबोल, पण गणितात अशी की सरसुद्धा तिचे उत्तर पाहून मग आपले तपासत. तिच्या वडिलांनी स्पष्ट सांगितले होते, "शिष्यवृत्ती मिळाली तर कॉलेज, नाहीतर वैशाखात लग्न." ठाण्याच्या एका मंडळाची ती एकच शिष्यवृत्ती, आणि तिची परीक्षा नव्या धर्तीची, छापील उत्तरांवर खूण करायची. सरांनी शकूला रोज संध्याकाळी घरी बोलावून शिकवले. फी विचारणाऱ्या तिच्या वडिलांवर ते असे काही डाफरले की त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, तर तिला गरम भात खाल्ल्याशिवाय घरी सोडत नसत.

परीक्षेत नेमके तसेच गणित आले. छत्रीच्या जागी चांदणी, नियम तोच, आकडेही तीन आणि पाचच. शकूने अकरावर खूण केली. मंडळाच्या परीक्षकांच्या उत्तरसूचीत होते तेरा! शहाण्यांनी दुप्पट पाचाची केली होती. त्या दोन गुणांनी शकूची शिष्यवृत्ती गेली. ज्या मुलाला ती मिळाली त्याच्यावर माझा मुळीच राग नाही.

सर ठाण्याला गेले. मीही हट्टाने बरोबर गेले. मंडळाचे अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो शेंबेकर, शेवटी बेरीजच ना? तीन आधी काय, पाच आधी काय!"

"साहेब, दुप्पट कोणाची करायची ते तुमच्याच प्रश्नात छापलंय."

"निकाल लागला आता. उगाच मंडळाची शोभा करू नका."

शोभा! एका पोरीचे शिक्षण बुडाले तरी चालेल, पण यांची शोभा होता कामा नये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती अजून उतरलेली नाही, आणि उतरावी असे मला वाटतही नाही.

वैशाखात शकूचे लग्न झाले. ती कल्याणला असते. सुखी आहे म्हणतात. असेलही. पण तिला प्राध्यापिका व्हायचे होते, हे मला आणि सरांना ठाऊक आहे. त्यानंतर सर दरवर्षी परीक्षेच्या सुमारास मंडळात जातात आणि चूक कबूल करा म्हणतात. चिडत नाहीत, आवाज चढवत नाहीत. ते काम त्यांनी माझ्याकडे सोपवले असावे.

आज तेच अध्यक्ष सरांच्या गौरव समितीचेही अध्यक्ष आहेत. मागच्या आठवड्यात निमंत्रण द्यायला ते सरांच्या घरी आले, तेव्हा मी तिथेच होते. सर शांतपणे म्हणाले, "शाल नको मला. शकूचे दोन गुण द्या."

"सर मोठे विनोदी हं!" अध्यक्ष खो खो हसले. सर हसले नाहीत. काकूंनी चहाची कपबशी अध्यक्षांपुढे जरा आपटूनच ठेवली.

शेंबेकर सर, आपणांस उत्तम आरोग्य लाभो, आपली शंभरी थाटात साजरी होवो. अध्यक्षमहाराजांनाही तेवढेच आयुष्य लाभो. उत्तर अकरा होते, एवढे म्हणायला त्यांना बराच वेळ लागणार आहे, आणि ते म्हणतील तेव्हा ऐकायला आपण समोर हवे आहात.