हरीमामाची सीनियॉरिटी लिस्ट

माझा हरीमामा बेसबॉलच्या टीमचा मॅनेजर होता, असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग विषय बदलतात. इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणारा, सरकारी खात्यातून बाबू म्हणून रिटायर झालेला, जन्मात कधी बेसबॉलची बॅट हातात न धरलेला माणूस हा. टीम इंटरनेटवरची होती. खेळाडू कॉम्प्युटरने बनवलेले, सामनेही कॉम्प्युटरच खेळवायचा. आपण फक्त पोरांना वाढवायचं, ट्रेनिंग द्यायचं आणि कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं ते ठरवायचं. लीगमधले बाकीचे पंधरा मॅनेजर अमेरिकेतले, आणि त्यांच्यात एकटा आमचा हरीमामा.

मामा गेला त्याला दोन वर्षं झाली. टीम आता कॉम्प्युटरच चालवतो. मी अधूनमधून पाहुण्यासारखी त्या पानावर जाऊन येते.

या सगळ्याला जबाबदार मीच. २००९ साली मामा रिटायर झाला तेव्हा मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. महिनाभरात इंदुमामीचा फोन आला. "मंजिरी, ह्यांना कुठेतरी गुंतव गं. दिवसभर किचनमध्ये माझ्या मागे-मागे फिरतात, डबे उघडून विचारतात, ही डाळ कधीची. मी पागल होऊन जाईन." मी आधी क्रिकेटचा गेम शोधला, पण तो विकत घ्यावा लागत होता. बेसबॉलचा फुकट होता. एवढ्याशा कारणावरून माणसाची चौदा वर्षं ठरली.

टीमचं नाव मामाने ठेवलं 'छत्रीबाग इलेव्हन'. तो छत्रीबागेत वाढलेला, आणि टीम म्हटली की इलेव्हनच, हे त्याच्या डोक्यात पक्कं. बेसबॉलमध्ये नऊच खेळतात हे कळेपर्यंत नाव नोंदलं गेलं होतं. एका अमेरिकन मॅनेजरने विचारलं, इलेव्हन का? मामाने उत्तर लिहिलं, 'टू आर ऑन लीव्ह, सर.' त्या दिवसापासून लीगमध्ये सगळे त्याला मान द्यायला लागले.

गेमचे नियम त्याने चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणले आणि लाल पेनने खुणा करून पाठ केले. गेममधलं एक वर्ष म्हणजे आपले चार महिने, त्याला सीझन म्हणायचं. अठराव्या वर्षी पोरगा ज्युनियर टीममध्ये येतो, पुढे मेन टीममध्ये जातो, तिशीनंतर हळूहळू उतरणीला लागतो आणि एकोणचाळिसावं वर्ष संपलं की गेम त्याला आपोआप रिटायर करतो. शहाणा मॅनेजर तोवर थांबत नाही. वेग कमी झाला की काढतो आणि नवा आणतो.

मामा शहाणा नव्हता, मामा आस्थापना शाखेत होता. पस्तीस वर्षं त्याने लोकांच्या सेवापुस्तिका लिहिल्या होत्या, तर आता बेसबॉलवाल्यांच्या लिहायला घेतल्या. सियागंजच्या बाजारातून डझनाने वह्या आणल्या आणि प्रत्येक खेळाडूची एक वही केली. जन्मतारीख, रुजू दिनांक, ट्रेनिंग, बढती, शेरा. शेरे वाचण्यासारखे असायचे. 'वेग मध्यम. सवयी चांगल्या. प्रामाणिक.' मी विचारलं, "मामा, कॉम्प्युटरमधला माणूस प्रामाणिक कसा?" तर म्हणाला, "दस सीझन झाले, एक शिकायत नाही आली त्याची."

इथवर ठीक होतं. कहर म्हणजे सीनियॉरिटी लिस्ट. बॅटिंगला कोण आधी जाणार, मोठ्या सामन्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण असणार, हे सगळं मामा रुजू होण्याच्या तारखेवरून ठरवायचा. एखादा वीस वर्षांचा पोरगा तोफेसारखा चेंडू फेकत असला तरी बाकावर, कारण त्याच्या आधी तिघे लागले होते. दहा वर्षांत आम्ही चौथ्या नंबरच्या वर कधी गेलो नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तरीही त्या रविवारच्या सकाळी आठवल्या की मला काही सुधरत नाही. अमेरिकेत संध्याकाळ झाली की आपल्याकडे सकाळी साडेसातला निकाल लागायचा. मी स्कूटी काढून पोचायचे तेव्हा मामा आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसलेला असायचा. घरात बनियनवर वावरणारा माणूस टीमसमोर मात्र शर्टाशिवाय कधी बसला नाही. मामी पोह्यांच्या प्लेटी आणून ठेवायची आणि विचारायची, "जिंकले का तुमचे लोक?" बहुतेक वेळा हरलेलेच असायचे. मग मामा स्क्रीनकडे बघून हिंदीत म्हणायचा, "कोई बात नहीं, भिया लोग. कल देखेंगे." खेळाडूंशी तो हिंदीतच बोलायचा. मराठी फक्त घरच्यांसाठी.

अपवाद तुकोजीचा. ज्युनियर टीममध्ये आलेल्या पोरांना आपण नाव देऊ शकत होतो. २०१२ साली आलेल्या एका पिचरचं नाव मामाने तुकोजी ठेवलं. दिसायला काही खास आकडे नव्हते, पण कधी जखमी व्हायचा नाही, कधी थकायचा नाही. दहाव्या सीझननंतर केव्हातरी माझ्या लक्षात आलं, की मामा तुकोजीशी मराठीत बोलतो. "दमलास का रे? उद्या बस थोडा."

एकदा मी फारच चिडले. तुकोजीचं वय झालं होतं आणि त्याच्या मागे बंटी नावाचा पिचर तयार झाला होता. बंटी हे नाव मी ठेवलेलं, मामाला खिजवायला. अख्ख्या लीगमध्ये त्याच्यासारखा वेग कुणाचा नव्हता. मी ओरडले, "मामा, हे तुझं ऑफिस नाहीये! जो चांगला तो पुढे, एवढं सिंपल आहे!" मामा उठून झाडांना पाणी घालायला गेला. मामीने मला आत ओढलं.

"ह्यांना असं बोलू नकोस," ती म्हणाली. "चौऱ्याण्णवमध्ये प्रमोशन ह्यांचं होतं. सगळे बोलत होते, मोघे बाबू, आता तुमचाच नंबर. ऑर्डर निघायच्या दिवशी पेढे घेऊन गेले. तिथे नोटीस बोर्डवर पाहिलं तर सहा वर्षं ज्युनियर असलेल्याचं नाव. कुणी आधी एका शब्दाने सांगितलं नाही गं."

"आणि पेढे?"

"वाटले ना. त्या ज्युनियरच्या नावाने वाटून आले."

त्यानंतर मी सीनियॉरिटीबद्दल तोंड उघडलं नाही. निदान तोंडाने नाही.

२०१९ साली तुकोजीचं एकोणचाळिसावं वर्ष लागलं, म्हणजे शेवटचा सीझन. आणि त्याच सीझनला छत्रीबाग इलेव्हन कशी कोण जाणे फायनलला पोचली. नशीब म्हणा, की बाकीच्या टीमचे लोक जखमी होते म्हणा. मामा सत्तरीचा होता आणि कप जिंकायची ही पहिली आणि बहुधा शेवटची संधी होती. फायनलचा पिचर कोण, हे त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. माझ्यासमोर स्क्रीनला सांगितलं, "तुकोजी, शेवटची मॅच तुझी. पूर्ण, नवाच्या नऊ इनिंग. वचन आहे."

पण नेमकी त्याच आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. डाव्या डोळ्याला पट्टी, आणि आठ दिवस स्क्रीनकडे बघायचं नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. मामाने मला पासवर्ड दिला आणि सोबत एक कागद. वर 'आदेश क्र. १', खाली तारीख, मग मजकूर: 'अंतिम सामना. पिचर तुकोजी. बदल करू नये.' खाली सही.

मी बदल केला.

कारणं माझ्याकडे ढीगभर होती. तुकोजीचा वेग निम्म्यावर आला होता. समोरची टीम त्याला धुऊन काढणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. बंटी ताजा होता. आणि मला माझ्या मामाला एकदा तरी जिंकलेलं बघायचं होतं. प्रेमानेच केलं मी, खोटं कशाला सांगू. बटण दाबलं आणि झोपले.

सकाळी निकाल लागला. चार-एक. छत्रीबाग इलेव्हन चॅम्पियन.

मी स्कूटी उडवत राजेंद्र नगरात पोचले. मामा काळा चष्मा लावून पलंगावर बसला होता. "मामा, जिंकलो! कप आपला!" तो उभाच राहिला. हात पुढे करून चाचपडत माझे खांदे धरले आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "तुकोजीने कितनी इनिंग टाकल्या?"

आता खरं सांगायला एक क्षण होता. मी म्हणाले, "पूर्ण नऊ."

मामा रडायला लागला. मामी ओरडली, "अहो, डोळ्यात पाणी नका आणू, टाके आहेत!" पण तो ऐकतोय कुठे. आठ दिवस घरी जो येईल त्याला तो सांगत होता, एकोणचाळीस वर्षांचा आदमी, सगळे बोलत होते संपला, आणि त्याने फायनल काढली. शेजारच्या चारुलताकाकूंना बेसबॉल म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, त्यांनाही त्याने बसवून सगळं सांगितलं. मी कोपऱ्यात बसून माना डोलावत होते.

मग त्याने मला कागद-पेन घ्यायला लावलं. प्रत्येक खेळाडू रिटायर झाला की मामा त्याला मानपत्र लिहायचा, ऑफिसच्या निरोप समारंभात वाचतात तसं. डोळ्याला पट्टी म्हणून या वेळी त्याने सांगितलं आणि मी लिहिलं. 'श्री. तुकोजी यांनी एकवीस सीझन निष्ठेने सेवा केली. अंतिम सामन्यात पूर्ण नऊ इनिंग टाकून त्यांनी संस्थेला प्रथमच विजय मिळवून दिला.' माझं अक्षर छान आहे. मामाला त्याचं कौतुक होतं.

आपण कधी पकडले जाणार नाही असं मला का वाटलं असेल? पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी तपासलेला माणूस. नवव्या दिवशी, रविवारी, मामा इस्त्रीचा शर्ट घालून बसला आणि सगळ्यात आधी फायनलचं स्कोअरकार्ड उघडलं. मी मागेच उभी होते. पिचर, बंटी, नऊ इनिंग. अगदी तळाशी, न खेळलेल्यांच्या यादीत, तुकोजी. तोवर सीझन संपला होता आणि गेमने तुकोजीला रिटायर करून टाकलं होतं. आता त्याला खेळवायचा रस्ताच नव्हता.

मामाने स्क्रीनवर तुकोजीच्या नावावर बोट ठेवलं. न राहवून मीच बोलले, "मामा, सॉरी. पण तो खरा नाहीये. त्याचं नावसुद्धा मीच टाइप करून दिलं होतं तुला."

"माहीत आहे बेटा," मामा म्हणाला. आवाज अजिबात चढला नव्हता. "तो खरा नाही, एवढं समजतं मला. पण त्याला जबान दिली ती मी. मी तर खरा आहे ना?"

मग त्याने मानपत्र काढलं, फूटपट्टी लावून नऊ इनिंगची ओळ खोडली, बाजूला सही केली, तारीख घातली आणि मामीला म्हणाला, "मंजूला चहा दे."

मला वाटलं होतं तो बोलायचा बंद होईल. तसं काही झालं नाही. पुढच्या रविवारीही पोहे होते, गप्पा होत्या, लीगमधल्या अमेरिकनांची नक्कल होती. मी मनात म्हटलं, चला, विसरला.

दोन महिन्यांनी दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली. मी मामाला घेऊन दवाखान्यात गेले. नवा सीझन अर्ध्यावर होता. मामा हात जोडून म्हणाला, "डॉक्टर साब, अभी नहीं. सीझन खत्म हो जाने दीजिए." डॉक्टरांना वाटलं, घरात लग्नं असतील. ते म्हणाले, त्या डोळ्याने तुम्हाला जवळजवळ दिसत नाहीये, कशाला थांबता? माझ्या अगदी ओठावर आलं, मामा, मी आहे ना, आठ दिवस मी बघते टीमचं. ते मी बोलायच्या आतच त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हसून म्हणाला, "तुला कशाला तकलीफ."

आठ आठवडे तो एका डोळ्याने, नाक स्क्रीनला लावून टीम चालवत राहिला. आम्ही अकरावे आलो. शेवटचा सामना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ऑपरेशनला गेला.