गोदीतलं झाकण

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही कळलं नाही – आणि तिला तर मी नुसती कूस बदलली तरी कळायचं. मग तुम्हालाच का सांगतो आहे? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही डोमाला ओळखत नव्हता, म्हणून.

डोमा माझा मित्र. गिरडच्या अलीकडे एका लहानशा खेड्यात, एकाच मोहल्ल्यात आमची घरं. तो विहिरी खोदायचा. कितीही खोल असो, दोराला धरून सरसर उतरायचा आणि खालून गाणं म्हणायचा. जवळच्या मोठ्या गावाचं नाव समुद्रपूर, पण समुद्र आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. स्वातंत्र्य आल्यावर काही वर्षांनी नागपूरला नौदलाची भरती निघाली. मला गावातून सुटायचं होतं. एकट्यानं जायची छाती नव्हती – म्हणून त्याला ओढून नेलं. हेही सांगायला हवं ना? तो स्वतःहून निघालाच नव्हता.

भरती झाल्यावर आम्हाला पाठवलं तो नाविक तळ मला फार आवडला, हे खोटं नाही. इंग्रजांनी खाडीतला गाळ उपसून जमीन केली होती आणि तिच्यावर तळ वसवला होता. लढाईच्या काळात बराकी वाढल्या, धक्के वाढले, दोरखंडांची गोदामं झाली, जहाजांना खुणांनी निरोप देणारा बुरूज झाला. आम्ही गेलो तेव्हा काही भिंतींवर अजून इंग्रजी पलटणींची नावं पुसट दिसायची. पण सगळ्यात थोर वाटायची ती कोरडी गोदी. दगडी पायऱ्यांचा भला मोठा हौदच म्हणा. जहाज आत घ्यायचं, लोखंडी दार लावायचं आणि पंपघरातून पाणी उपसायचं. मग ते जहाज लाकडी ठोकळ्यांवर उघडंबोडकं उभं. डोमा ते पाहून म्हणाला होता की ही तर आपली विहीरच आहे, फक्त उलटं काम.

पाहा, मी पुन्हा तळाचंच वर्णन करत बसलो. गावातही मी असंच करायचो. बुरूज सांगायचा, धक्के सांगायचे, गोदी सांगायची – आणि टाकीशी आलो की पाणी प्यायला उठायचं.

तर टाकी. जहाजाच्या तळात तेलाच्या टाक्या असतात. गोदीत आल्यावर माणूस आत उतरून त्या खरवडतो. वर डेकमध्ये एक गोल भोक, त्याला लोखंडी झाकण. आत विषारी हवा साठते, म्हणून आधी जाळीचा बंद दिवा सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. आणि भोकाशी एक जण कायम उभा पाहिजे. त्या दिवशी उतरणारा डोमा होता आणि उभा राहणारा मी.

दिवा आणायला पंपघरापर्यंत जायचं होतं. ऊन मी म्हणत होतं, डेकवर पाय ठेववत नव्हता. डोमा म्हणाला, थांबू. मी म्हणालो, जा रे, विहिरीत उतरताना कुठे दिवा नेत होतास? तो हसला आणि उतरला.

थोड्याच वेळात आमच्या कामावरचे साहेब फेरीवर येताना दिसले. उघडं भोक, आत माणूस, आणि दिवा नाही – मला शिक्षा झाली असती. त्या महिन्यात पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांच्या वर्गासाठी माझं नाव गेलं होतं, तेही कापलं गेलं असतं. मी काय केलं? झाकण ओढलं. दोन नट हातानं फिरवले. क्षणभरासाठी – असं मी स्वतःला सांगितलं. साहेब पुढे गेले की उघडू.

ते पुढे गेले नाहीत. थांबले. “टाकीचं काम झालं?” त्यांनी विचारलं.

“झालं, साहेब.”

मग ते म्हणाले, चल माझ्याबरोबर, खाली ठोकळ्यांची मापं घ्यायची आहेत, फीत धर. आणि मी गेलो. डेकवरून जाताना माझ्या पायाखाली ठोके आले. लोखंडावरचा ठोका कानाआधी तळपायाला कळतो. साहेबांच्या पायात जाड बूट होते. मी अनवाणी होतो. मला कळलं, त्यांना नाही.

तेव्हा मी का बोललो नाही? एवढंच म्हणायचं होतं – साहेब, माणूस आत आहे. किती वेळा मी ते वाक्य मनात म्हटलं असेल! गोदीच्या तळाशी फितीचं टोक धरून उभा होतो, वर जहाजाचं पोट, चहूकडे दगडी भिंती, आणि तोंड उघडत नव्हतं. जितका उशीर होत गेला तितकं ते वाक्य जड होत गेलं.

सुटलो तेव्हा धावलो. नट काढले, झाकण फेकलं आणि ओरडलो. लोक जमले. मीच आत उतरलो, मीच त्याला दोर बांधला. त्याची नखं निघालेली होती. श्वास होता.

चौकशी झाली. मी सांगितलं की काम संपवून आम्ही दोघंही बाहेर आलो होतो. मी साहेबांबरोबर गेल्यावर, खरवडायचं हत्यार आत राहिलं म्हणून डोमा एकटाच पुन्हा उतरला असेल. आणि कोणा मजुरानं टाकी रिकामी समजून झाकण लावलं असेल. परत आलो तेव्हा मला ठोके ऐकू आले, म्हणून मी ते उघडलं. साहेबांनी दुजोरा दिला – त्यांना जे दिसलं तेच ते बोलले. डोमा दवाखान्यात होता. विषारी हवेनं त्याचं डोकं कितीतरी दिवस धुक्यात होतं. शुद्धीवर आल्यावर सगळ्यांनी त्याला तेच सांगितलं. बिनहुकूम उतरलास. नशीब, मित्र होता.

त्याला घरी पाठवलं. पाणबुड्यांच्या वर्गाला मी गेलोच नाही. साधं पोहतानाही पाण्याखाली कान दाबले गेले की ते ठोके ऐकू यायचे. करार संपताच मीही परतलो.

गावात काय वाढून ठेवलं होतं, सांगू? डोमाच्या मायनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. मला गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात नेलं आणि मुलासाठी बोललेला नवस माझ्या हातून फेडला. तिच्या घरी ताट वाढलं की पहिली भाकर माझी. डोमा मात्र घरात जेवत नसे. दार उघडं असलं तरी नाही. अंगणात जेवायचा, अंगणात झोपायचा, पावसात बैलाच्या मांडवाखाली बसून रात्र काढायचा. विहिरीच्या काठावर जाणं सोडलंच. आणि कोणी त्याला हसलं की तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, याच्यामुळं जिता आहो. मी तिथून उठूनही जाऊ शकत नव्हतो. उठून गेलो असतो तर लोक म्हणाले असते, पाहा, किती साधा माणूस.

छप्पन सालच्या दसऱ्याला सगळा मोहल्ला दीक्षेसाठी नागपूरला निघाला. लोक रेल्वेनं गेले. डोमाला डबा सोसेना, म्हणून आम्ही दोघं पायी गेलो. त्या मैदानात, पांढऱ्या कपड्यांतल्या त्या अथांग गर्दीत, तो मोकळ्या आभाळाखाली ताठ उभा होता. प्रतिज्ञा सुरू झाल्या. खोटं न बोलण्याची आली. सगळ्यांबरोबर मीही म्हटली, मोठ्यानं. डोमा शेजारी होता. त्याचा आवाज मला वेगळा ऐकू येत होता.

परतताना बुटीबोरीच्या पुढे एका शेताच्या बांधावर आम्ही शिदोरी सोडली. डोमानं भाकर हातात धरली, पण खाल्ली नाही. म्हणाला, आज विचारूनच घेतो.

“किसना, मी खरंच बाहेर आलतो का गा? मले तं काहीच आठवत नाई. मले वाटते, मी एकडावच उतरलो. पण सारेच म्हणतात का मी आलतो, अन् पुन्हा गेलो. मंग मले काऊन असं वाटते?”

त्याच्या आवाजात संशय नव्हता. तो मला पकडत नव्हता. आपलं डोकं शाबूत आहे की नाही, एवढंच तो विचारत होता – आणि ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास होता त्याला विचारत होता. आजूबाजूला कापसाचं उघडं रान. कोणी नव्हतं. साहेब नव्हते, शिक्षा नव्हती. आता कशाची भीती होती मला?

“आलता,” मी म्हणालो. “मी स्वतः पाह्यलं.”

त्यानं मान हलवली. “तं मंग माह्यंच डोकं फिरलं,” तो म्हणाला, आणि भाकर मोडली.

त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. पण कोणी काही विचारलं – पेरणी केव्हाची, पोरीचं वय किती – तर आधी माझ्याकडे पाहायचा. आपल्याला बरोबर आठवत नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. असाच तो मरेपर्यंत जगला.

त्याचं डोकं ठीक होतं. तो बाहेर आलाच नव्हता.