शांतवन आणि इतिवृत्तातली एक ओळ

मार्थाचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून बुटांना पॉलिश करत होतो. रविवार होता, उपासनेला अजून तासभर अवकाश होता. "काका, पप्पा पहाटे गेले," एवढंच ती म्हणाली. मार्था म्हणजे माझा मित्र शांतवन गायकवाड याची थोरली मुलगी. मी "येतो" म्हणालो, फोन ठेवला आणि हातातला बूट पुसून पूर्ण केला. बायकोला सांगायला आत जाईपर्यंत माझ्या मनात दोन विचार येऊन गेले, आणि त्यातला एकही दुःखाचा नव्हता. पहिला असा, की दफनविधीत बोलायला आता मलाच सांगतील. दुसरा असा, की गर्दी किती होईल...

गर्दी खूप झाली. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत माणसं उभी होती. आमच्या मंडळीची तर होतीच, पण कॅथलिक सिस्टर आल्या होत्या, मल्याळी मंडळीचे लोक त्यांच्या टेम्पोतून आले होते, सातपूरच्या प्रार्थनागृहाचा तरुण पास्टर जोएल रडून रडून डोळे सुजवून उभा होता. गुरुद्वारातले दोन सरदारजी होते. सरकारी दवाखान्यात रांग लावून देणारी गणेश मंडळाची पोरं पांढरे शर्ट घालून आली होती. मी पुढच्या रांगेत उभा राहून विचार करत होतो, की माझ्या वेळेला यातले किती येतील. मग मला बोलायला बोलावलं. मी सात मिनिटं बोललो. "आम्ही दोघांनी मिळून हे काम उभं केलं," असं म्हणालो. मार्था समोरच होती. तिने मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

काही वर्षांपूर्वी याच पुरवणीत आमच्या कामावर एक लेख आला होता, तो काही वाचकांना आठवत असेल. चार मंडळ्या एकत्र येऊन दर गुरुवारी सरकारी दवाखान्यातल्या रुग्णांच्या नातेवाइकांना जेवू घालतात, असा तो लेख होता. (मंडळी म्हणजे एका चर्चचा समाज. आम्ही तोच शब्द वापरतो.) सोबत माझा फोटो होता, हातात डाव, पुढ्यात खिचडीचं पातेलं, खाली "उपक्रमाचे जनक". तो डाव माझा नव्हता. फोटोग्राफर आला तेव्हा शांतवन ढवळत होता. मी त्याच्या हातातून डाव घेतला आणि तो मुकाट्याने बाजूला सरकला. फोटोच्या कडेला एक कोपर दिसतं ना, ते त्याचं. त्या लेखाच्या वाचकांचं मी एक देणं लागतो, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही दोघं मिशनच्या वसतिगृहात एका खोलीत वाढलो. माझे वडील शिक्षक, त्याचे निफाडकडे द्राक्षबागेत कामाला. माझं बोलणं शुद्ध, अक्षर वळणदार. तो "हाय", "नाय", "लय" असं बोलायचा आणि पोरं हसली की स्वतः त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायचा. मी पेटी शिकलो, त्याला सूरही धरता येत नव्हता. पण नाताळच्या गाण्यांना घरोघर जाताना लोक दार उघडून आधी विचारायचे, "शांतवन कुठाय?" तेव्हापासून हे माझ्या पोटात आहे. पुढे तो अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर लागला, मी सरकारी कचेरीत कारकून झालो. माझं सगळं वेळच्या वेळी असायचं. तो उपासनेला दुसऱ्या गीताला यायचा, कुणाची शिडी न विचारता न्यायचा आणि परत करायला विसरायचा. स्वतःच्या मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला तो एकदाही वेळेवर पोचला नाही. त्याची बायको माझ्या बायकोपाशी रडायची. हे दोष मी नीट ध्यानात ठेवले होते. पण लोकांना ते कधी मोजावेसे वाटले नाहीत.

मला एकच गोष्ट अशी मिळाली होती जी त्याच्याकडे नव्हती. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच-कमिटीचा मी सेक्रेटरी होतो. बैठकीचं इतिवृत्त मी लिहायचो, पुढच्या महिन्यात उभा राहून मीच वाचायचो, मग पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, विचारायचे, "काही दुरुस्ती?" कुणी काही बोललं नाही की खाली "वाचून कायम" असं लिहून सही व्हायची. एकदा कायम झालं की झालं. पंधरा-वीस वर्षांत कुणी दुरुस्ती सुचवल्याचं मला आठवत नाही. माझ्या अक्षरावर लोकांचा तेवढा विश्वास होता.

निवृत्तीनंतर शांतवन त्याच्या मेव्हण्याला घेऊन दवाखान्यात आठवडाभर राहिला. तिथे त्याने सुरगाण्याकडची एक बाई पाहिली. नवरा आत वॉर्डात, आणि ती बाहेर कडुनिंबाखाली बसून कोरडी भाकर नळाखाली भिजवून खात होती. पुढच्या बैठकीत त्याने प्रस्ताव मांडला. आपल्याकडे सभागृह आहे, मोठं स्वयंपाकघर आहे, बारमाही विहीर आहे. सिस्टर लोकांकडे नर्सा आहेत. मल्याळ्यांकडे टेम्पो आहे. सातपूरच्या प्रार्थनागृहात तरुण पोरं आहेत. "समद्यांकडं एकेक वस्तू हाय अन् कुनाकडंच समदं नाय," तो म्हणाला. "चौघं मिळून एक दिवस तरी चूल पेटवू. आपल्याच सैपाकघरात."

त्या वेळी या चार मंडळ्यांतली माणसं एकमेकांना रस्त्यात सलामसुद्धा करत नसत. मी उठलो आणि म्हणालो, आज जेवायला एकत्र येतील, उद्या आपली मेंढरं, म्हणजे आपलीच माणसं, पळवतील. दोघा-तिघा वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. पण मला मेंढरांची काळजी नव्हती. सिस्टर, टेम्पोवाले, ती पोरं सगळी आमच्या आवारात येणार आणि सगळी "शांतवन कुठाय" असं विचारणार, हे मला दिसत होतं. पाळकसाहेब म्हणाले, पुढच्या महिन्यात निर्णय घेऊ. बैठक संपली.

घरी येऊन मी इतिवृत्त लिहिलं. लिहिलं असं : "सविस्तर चर्चेनंतर प्रस्तावक श्री. शांतवन गायकवाड यांनी सदर प्रस्ताव स्वेच्छेने मागे घेतला." शाई वाळेपर्यंत वही उघडी ठेवली होती. पुढच्या महिन्यात ती ओळ मी इतर ओळींच्याच आवाजात वाचली. पाळकसाहेब थकलेले होते, महिनाभरापूर्वीचं त्यांना आठवत नव्हतं. "काही दुरुस्ती?" त्यांनी विचारलं. शांतवन खिडकीजवळच्या खुर्चीवर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहत होतो, तरी मला ते कळलं. मग तो म्हणाला, "नाय. कायम करा."

आमच्या स्वयंपाकघराचं दार बंद झालं म्हणून तो थांबला नाही. सातपूरचं प्रार्थनागृह एका गॅरेजच्या वर आहे. वर नळ नाही. खाली गॅरेजच्या अंगणात एक नळ, आणि बाहेरून लोखंडी जिना. तिथे त्याने चूल मांडली. शंभरेक माणसांची खिचडी, भांडी घासणं, सगळं पाणी खालून वर न्यायचं. पोरं कामावरून यायची दुपारी, आणि भात तर सकाळी टाकायचा. म्हणून वीस लिटरचे दोन कॅन दोन हातांत घेऊन साठी ओलांडलेला हा माणूस तो जिना चढायचा. त्याचा उजवा गुडघा कारखान्यातच गेला होता. दीड वर्ष हे चाललं. आमची विहीर भरलेली होती. मी रोज सकाळी फिरायला जाताना तिच्यात डोकावायचो.

मग पाळक बदलले. नवे पाळकसाहेब आल्या आल्या शहरातल्या इतर पाळकांना भेटले आणि पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "तीन मंडळ्या मिळून इतकं चांगलं काम करताहेत. आपण त्यात का नाही?" कुणी बोलायच्या आत मी उठलो. सभागृह, स्वयंपाकघर, विहीर, नर्सा, टेम्पो... शांतवनचाच प्रस्ताव मी माझ्या शुद्ध भाषेत मांडला. दहा मिनिटांत मंजूर. इतिवृत्तात लिहिलं : "सचिवांनी मांडलेल्या मूळ कल्पनेनुसार." मागची पानं उलटून पाहिली असती तरी कुणाला काही सापडलं नसतं. तिथे त्याने तो मागे घेतलेलाच होता.

पहिल्या गुरुवारी शांतवन डाव घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आला. त्या दिवशी तो वेळेवर आला होता. विहिरीच्या पाण्याने भरलेली टाकी पाहून म्हणाला, "बरं झालं, सेक्रेटरीसाहेब. जिना वाचला." मी त्या वाक्यात टोमणा शोधत राहिलो. अजून शोधतो. त्यानंतर काम वाढलं. गुरुद्वारातून मोठी पातेली यायला लागली, सिस्टर गोळ्यांच्या चिठ्ठ्या समजावून सांगायच्या, मल्याळी मंडळीतल्या मुलीचं लग्न आमच्या सभागृहात झालं आणि आमच्या बायका पंगतीला वाढायला गेल्या. चार समाज एकमेकांच्या मयतीला जाऊ लागले. भाषणं मी करायचो. शांतवन खिचडी तळहातावर घेऊन चाखायचा आणि "मीठ" एवढंच म्हणायचा. तरी नवा माणूस आला, की दारातून पाहिल्यावर सरळ त्याच्याकडे जायचा.

या उन्हाळ्यात तो आजारी पडला. हृदय साथ देईनासं झालं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसला होता.

"या, सेक्रेटरीसाहेब. बुटं काय चमकत्यात."

मार्था चहा करायला आत गेली. मी पंख्याकडे पाहत विचारलं, "शांतवन, त्या दिवशी तू उठला का नाहीस?"

कुठल्या दिवशी, हे त्याने विचारलं नाही.

"उठलो असतो तर तुझं सेक्रेटरीपद गेलं असतं," तो म्हणाला. "अन् तुझ्याकडं दुसरं काय व्हतं रे, प्रभाकर?"

तो हसत नव्हता. रागावलेलाही नव्हता. मग म्हणाला, "गुरुवारी मीठ बघत जा. नव्या पोरी घाबरून कमी टाकत्यात."

मी क्षमा मागायला गेलो होतो. त्याने "जाऊ दे" म्हटलं असतं तर मी तिथेच रडलो असतो. त्याने शिवी दिली असती तरी चाललं असतं. पण त्याने माझी कीव केली होती, इतकी वर्षं, दर गुरुवारी, आणि मला कळू दिलं नव्हतं. चहा न घेता मी उठलो. घरापर्यंत चालत आलो. त्या जिन्याचं ओझंसुद्धा त्याने माझ्यासाठी उचललं होतं, असं त्याला म्हणायचं होतं का? मोठेपणातही मला मागेच ठेवायचं होतं? पुढचे पंधरा दिवस मी त्याच्याकडे गेलो नाही. मार्थाने दोनदा फोन केला, "पप्पा विचारतात." तब्येतीचं कारण सांगितलं. तिसरा फोन रविवारी आला.

गेल्या महिन्यात मी पंच-कमिटीच्या बैठकीला गेलो. आता मी सेक्रेटरी नाही, अनुपमा नावाची बँकेत काम करणारी मुलगी आहे. ऐनवेळच्या विषयात मी उभा राहिलो आणि जे वर लिहिलं ते सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभाकरकाका, आता कशाला? शांतवनभाऊंनीच तर कायम करा म्हटलं होतं." मी म्हणालो, म्हणूनच. ती ओळ खोडायची आहे. अनुपमाने जुनी वही काढली, पान पाहिलं. "काका, कायम झालेल्यात खाडाखोड करता येत नाही," ती म्हणाली. "नवी नोंद घेता येईल. सांगा, लिहिते." मी सांगितलं : प्रस्ताव शांतवन गायकवाड यांचा होता, त्यांनी तो कधीही मागे घेतला नव्हता, तत्कालीन सचिवांनी खोटं लिहिलं. ती बॉलपेनने भराभर लिहीत होती. तिचं अक्षर वाईट आहे, हे त्याही वेळी माझ्या मनात आलं.

परवा ती नोंद वाचली गेली. पाळकसाहेबांनी विचारलं, "काही दुरुस्ती?" माझी नजर खिडकीजवळच्या खुर्चीवर गेली. तिथे कुणीतरी छत्री ठेवली होती. नोंद कायम झाली.

तिथून मी रिक्षाने सातपूरला गेलो. जोएल गॅरेजपाशीच भेटला. "अंकल, तुम्ही इकडे?" जिन्याखाली ते दोन कॅन अजून आहेत, पोरं त्यांनीच वरची फरशी धुतात. दोन्हींच्या मुठींना निळ्या चौकटीच्या शर्टाची चिंधी गुंडाळलेली आहे, हाताला रुतू नये म्हणून. शांतवनचा तो शर्ट मी ओळखला. मी एक कॅन नळाखाली धरला. अर्धा भरल्यावर जोएल म्हणाला, "बस ना अंकल, मी नेतो." मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं.

बावीस पायऱ्या आहेत. नवव्या पायरीवर मी बसलो, चौदाव्या पायरीवर पुन्हा बसलो. चिंधी ओली होऊन तळहाताला चिकटली होती. वर पोचलो तेव्हा अर्ध्यातलंही बरंच पाणी माझ्या बुटांवर सांडलेलं होतं.

तो दोन न्यायचा. भरलेले.